प्रायर पर्वतावरचे रानघोडे: दोन दिवसांच्या भेटीचा वृत्तांत

अमेरिकेतील माँटाना आणि वायोमिंग या राज्यांच्या सीमेवर असलेल्या प्रायर पर्वताचा सुमारे ३८ हजार एकरांचा भाग १९६८ सालापासून रानघोड्यांसाठी राखून ठेवलेला आहे. जुलैच्या पहिल्या आठवड्यात आम्ही तेथे दोन दिवस होतो. मुक्कामाला वायोमिंगमधील लव्हेल हे लहानसे गाव सोयीचे पडते. गावात या घोड्यांविषयीचे माहितीकेंद्र आहे आणि डोंगरावर जाण्यापूर्वी तेथे तासभर तरी घालवावा, असे मी आवर्जून सांगेन. कोणता घोडा कोणाच्या कुटुंबातला हे आधी समजले, तर पुढे दिसणाऱ्या प्रत्येक हालचालीला अर्थ येतो.

पहिल्या दिवशी आम्ही बिगहॉर्न कॅन्यनकडे जाणाऱ्या ३७ क्रमांकाच्या डांबरी रस्त्याने गेलो. साध्या मोटारीने जायचे असेल तर हाच मार्ग योग्य. ड्रायहेड भागातले घोडे बाराही महिने या सखल, कोरड्या पट्ट्यात राहतात. आम्हाला तीन तरुण नर दिसले. नर साधारण दोन-तीन वर्षांचे झाले की आईबापांचे कुटुंब सोडतात आणि घोड्या मिळेपर्यंत असे आपापसांत टोळी करून हिंडतात. त्यांची लुटुपुटूची झुंज पुढे खऱ्या झुंजीच्या कामी येते.

दुसऱ्या दिवशी स्थानिक मार्गदर्शकाच्या उंच चाकांच्या गाडीतून माथ्यावर गेलो. उन्हाळ्यात वरच्या कुरणांत गवत कोवळे असते, म्हणून बहुतेक कुटुंबे तेथे चढून येतात. आपण ‘कळप’ म्हणतो तो प्रत्यक्षात अशा अनेक लहान कुटुंबांचा समुदाय असतो. एक प्रौढ नर, दोन-चार घोड्या आणि त्यांची शिंगरे, एवढेच एक कुटुंब. पाणवठ्यावर हे फार स्पष्ट दिसले. उंदरी रंगाची, पाठीवर आयाळीपासून शेपटीपर्यंत काळी रेघ असलेली एक वयस्क घोडी पुढे चालत आली, तिच्या मागोमाग बाकीच्या, आणि नर सर्वांत शेवटी. एक घोडी शिंगरासह दुसऱ्या कुटुंबाच्या जवळ सरकली, तेव्हा त्याने कान मागे पाडले, मान जमिनीपर्यंत खाली नेली आणि तशाच अवस्थेत तिला वळवून परत आणले. तिला त्याचा साधा स्पर्शही झाला नाही. थोड्या वेळाने दुसरा नर सामोरा आला. दोघांनी वाटेवरच्या लिदीच्या ढिगाचा वास घेतला, नाकाला नाक लावले, एकदा किंचाळून पुढचा पाय आपटला, आळीपाळीने त्याच ढिगावर लीद टाकली आणि दोघे आपापल्या कुटुंबाकडे परतले. एवढ्यावर भांडण मिटले.

हे घोडे मूळचे वन्य नव्हेत. माणसांकडून सुटून रानात पिढ्यानपिढ्या वाढलेल्या घोड्यांचे ते वंशज आहेत, आणि स्पॅनिश वसाहतकाळातील घोड्यांशी त्यांचे नाते जनुकीय चाचण्यांत दिसून आले आहे. १९७१ च्या कायद्याने अशा घोड्यांना संरक्षण मिळाले, पण संरक्षणाबरोबर संख्येचा प्रश्नही आला. येथे शिंगरांवर झडप घालणारा प्यूमा सोडला, तर शत्रू फारसे नाहीत आणि गवत मर्यादित आहे. २००९ च्या आराखड्यात या पर्वतासाठी ९० ते १२० घोड्यांची मर्यादा ठरवली होती. संख्या आटोक्यात ठेवण्यासाठी घोड्यांना धरून दत्तक देणे हा जुना उपाय. दुसरा उपाय म्हणजे घोड्यांतील माद्यांना दुरून बंदुकीने लस टोचणे. डुकराच्या बीजांडाच्या आवरणातील प्रथिनांपासून केलेली ही लस साधारण वर्षभर गर्भधारणा रोखते, म्हणून ती पुन्हा पुन्हा टोचावी लागते आणि त्यासाठी प्रत्येक घोडी ओळखता यावी लागते. पश्चिमेकडील इतर राज्यांतील अफाट प्रदेशांत हे अवघड असल्याने तेथे हेलिकॉप्टरने घोडे हाकून धरले जातात. २०२४ च्या अंदाजानुसार सरकारी जमिनींवर रानघोडे व गाढवे मिळून ७३ हजारांहून अधिक जनावरे होती. पाणवठ्यावरचे ते कुटुंब पाहिल्यावर माझे मत पक्के झाले, की जेथे शक्य आहे तेथे लसीचाच मार्ग धरावा. हाकून धरताना घोड्या, नर आणि शिंगरे यांची वर्षानुवर्षांची सोबत एका दिवसात तुटते.

जाणाऱ्यांसाठी काही सूचना. माथ्यावरच्या घोड्यांसाठी जून-अखेर ते सप्टेंबर हा काळ धरावा. घोड्यांपासून किमान १०० फूट दूर राहावे, आणि एखादे शिंगरू कुतूहलाने जवळ आले तर आपणच मागे सरावे. नर आणि त्याचे कुटुंब यांच्या मधोमध कधीही उभे राहू नये. खाऊ घालू नये. चांगली दुर्बीण असली, तर जवळ जाण्याची गरजच भासत नाही. वर मोबाईल चालेल असे गृहीत धरू नये, पाणी आणि पेट्रोल गावातूनच भरून घ्यावे, आणि दगड धारदार असल्याने जादा टायर तपासूनच निघावे. पश्चिमेकडे ढग दाटू लागले, तर घोडे कितीही जवळ असले तरी लगेच उतरायला लागावे. पाऊस पडला की त्या वाटेवरची माती चाकांना धरून बसते आणि उतारावर गाडी आवरत नाही.