नव्या गाडीची वॉरंटी आणि जॉबकार्डावरची एक ओळ : माझा अनुभव

मी पतसंस्थेत नोकरी करते. कागदावर जे लिहिलेलं असतं तेच शेवटी खरं धरलं जातं, हे मला रोज दिसतं. म्हणूनच सर्व्हिस सेंटरच्या बिलावर छापलेली ‘तक्रार आढळली नाही’ ही ओळ वाचून माझा संताप झाला, आणि गाडी दुरुस्त होऊन आली तरी तो अजून पुरता गेलेला नाही.

गाडी एएमटी आहे. गिअरबॉक्स साध्या गाडीसारखाच, पण क्लच दाबायचं आणि गिअर बदलायचं काम आपल्या पायाहाताऐवजी पंप आणि ॲक्च्युएटर (त्या पंपाच्या दाबावर क्लच-गिअर हलवणारा भाग) करतात, आणि एक छोटा कॉम्प्युटर त्यांना हुकूम सोडतो. तासभर ट्रॅफिकमध्ये रांगत गेल्यावर आमच्या गाडीचा डॅशबोर्डवरचा गिअरचा आकडा लुकलुकायचा, मग ‘एन’ म्हणजे न्यूट्रल यायचा. ॲक्सिलरेटर दाबला की इंजिन नुसतं ओरडायचं, गाडी जागची हलायची नाही. हे पहिल्यांदा झालं ते वाईला जाताना, खंबाटकीच्या चढाला, सुट्टीच्या गर्दीत. मागे सासूबाई आणि मुलगा, त्यांच्यामागे उसाचा ट्रक. हँडब्रेक ओढला, इंडिकेटर लावले, इंजिन बंद केलं. थोड्या वेळाने चालू केलं तर गाडी काही झालंच नाही अशी निघाली.

सर्व्हिसची अपॉइंटमेंट लगेच मिळाली, गाडी घरून न्यायला माणूसही आला. त्याबद्दल तक्रार नाही. अडलं ते ॲडव्हायझरच्या टेबलावर. मी सगळं सविस्तर सांगितलं, त्याने मान डोलावली आणि जॉबकार्डावर, म्हणजे ज्यावर तक्रार नोंदवून गाडी कामाला घेतात त्या कागदावर, टाईप केलं, ‘पिकअप चेक करणे’. संध्याकाळी फोन आला, ‘मॅडम, गाडी एकदम ओके आहे, सॉफ्टवेअर अपडेट केलंय.’ पुढच्याच आठवड्यात पुण्यात नवले पुलाच्या गर्दीत पुन्हा तेच. पुन्हा गाडी नेली, पुन्हा ‘ओके’, आणि बिलावर ती ओळ. एकदा तर मला सुचवण्यात आलं, ‘सरांना पाठवून द्या ना, त्यांना व्यवस्थित समजावतो.’ गाडी माझ्या नावावर, कर्ज माझ्या पगारातून, आणि चढावर अडकले होते तीही मीच. तसं मी त्याला तिथेच सांगितलं.

तक्रार का आढळत नव्हती याचं उत्तर सोपं होतं. गाडी रात्रभर उभी, सकाळी थंड इंजिनवर मोकळ्या रस्त्याने कोपऱ्यापर्यंत एक चक्कर, आणि शेरा मारून मोकळे. दोष मात्र गाडी तापल्यावरच यायचा. ‘पिकअप चेक करणे’ एवढंच वाचून टेक्निशियनने तरी दुसरं काय करावं? त्याच्यापर्यंत माझी तक्रार पोचलीच नव्हती.

पुढच्या वेळी मी ठरवूनच गेले. ‘माझे शब्द जसेच्या तसे लिहा,’ म्हटलं.

‘मॅडम, सिस्टीममध्ये ठरलेले पर्याय असतात, त्यातलाच एक घ्यावा लागतो.’

‘मग शेऱ्याची जागा कशाला आहे?’ स्क्रीन मला दिसत होती, खाली रिकामी चौकट होती.

‘एवढं कोणी लिहीत नाही हो.’

‘तुम्ही लिहा. मी इथे बसते.’

बसले. मागे रांग वाढली, फ्लोअर सुपरवायझर येऊन गेला, ‘नंतर भरतो’ म्हणून झालं. शेवटी लिहिलं गेलं : ‘गाडी गरम असताना कमी वेगात व चढावर आपोआप न्यूट्रलमध्ये जाते, डॅशबोर्डवर एन लुकलुकतो, गाडी पुढे जात नाही.’ खाली तारीख, किलोमीटर, पूर्वीच्या जॉबकार्डांचे नंबर. सहीची प्रत हातात आल्यावर मगच किल्ली दिली. या एका ओळीसाठी मी एवढी का अडून बसले असं कोणाला वाटेल, पण पुढचं सगळं त्या ओळीवरच उभं राहिलं.

त्यावेळी मोबाईलवरचा व्हिडिओही दाखवला. नवऱ्याने शेजारी बसून काढलेला, त्यात लुकलुकणारा ‘एन’ आणि इंजिनचा आवाज स्पष्ट होता. चालवणाऱ्याने मोबाईल हातात घेऊ नये, शेजारच्याला सांगावं.

मग मी आणखी एक मागणी केली. ट्रायल माझ्यासोबत, संध्याकाळी, ट्रॅफिकमध्ये. मुरलेले टेक्निशियन काका आले. त्यांनी स्टिअरिंगखालच्या पोर्टला स्कॅनर जोडला आणि मांडीवर धरून बसले. ‘बरं केलंत मॅडम, थंड गाडीत हे कधीच सापडलं नसतं,’ म्हणाले. कात्रज चौकाच्या आसपास रखडत असतानाच गाडीने तो प्रकार केला. काकांनी मला स्क्रीन दाखवली. क्लच-गिअर हलवणाऱ्या पंपाच्या प्रेशरचा आकडा खाली आला होता आणि एरर कोड नोंदला गेला होता. मी त्या स्क्रीनचा फोटो काढला. इतके दिवस मला वेड्यात काढल्यासारखं वाटत होतं, त्या फोटोने जीव हलका झाला.

एवढ्यावर संपलं नाही. दुसऱ्या दिवशी सांगितलं, क्लच प्लेट बदलावी लागेल, ती झिजणाऱ्या वस्तूंत मोडते, वॉरंटीत बसत नाही, खर्च तुमचा. क्लच प्लेट, ब्रेक पॅड, वायपर यांना बहुतेक वॉरंटीत संरक्षण नसतं हे खरं आहे. पण कोड प्रेशरचा होता, प्लेटचा नाही. मी एवढंच म्हटलं, ‘क्लेम नाकारताय ते कारणासहित ईमेलवर द्या.’ लेखी द्यायला कोणी तयार होईना. मी स्वतः ईमेल केला, डीलर आणि कंपनीच्या ग्राहक विभागाला एकत्र, सगळी जॉबकार्डं, व्हिडिओ आणि तो फोटो जोडून. सोबत राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाईनच्या 1915 नंबरवर तक्रार नोंदवली. तिथे मराठीत बोलता येतं, नोंदणी क्रमांक मिळतो आणि तक्रार कंपनीकडे पाठवली जाते. हेल्पलाईन निकाल देत नाही, पण माझ्या बाबतीत त्यानंतरच कंपनीच्या विभागीय कार्यालयातून फोन आला. त्यांचा इंजिनिअर आला, त्याने गाडी पाहिली आणि ॲक्च्युएटरचा पूर्ण संच वॉरंटीत मंजूर झाला. प्लेट तपासली तर ती चांगली निघाली. पार्ट यायला वेळ लागला, पण तेव्हा मला त्याचं काही वाटलं नाही.

फोन आला नसता तर मी जिल्हा ग्राहक आयोगात जाणार होते, कागद तयारच होते. 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यामुळे आपण राहतो त्या जिल्ह्यातच तक्रार करता येते, कंपनीचं मुख्यालय कुठेही असो. 50 लाखांपर्यंत किंमत दिलेली असेल तर जिल्हा आयोग पुरतो. पाच ते दहा लाखांच्या गाडीला फी 200 रुपये, वकील सक्तीचा नाही, मुदत कारण घडल्यापासून 2 वर्षं. मात्र उत्पादनातलाच दोष आहे हे दाखवावं लागतं, आयोग वस्तू प्रयोगशाळेत तपासायलाही पाठवू शकतो. तिथेही पहिला पुरावा म्हणजे जॉबकार्डं. ‘पिकअप चेक करणे’ लिहिलेल्या कागदांवर काय सिद्ध झालं असतं?

एक आधी सांगायचं राहिलं. गाडी रस्त्यात बंद पडली आणि नंतर आपोआप चालू झाली, तरी रोडसाइड असिस्टन्सला फोन करावा. वेळ आणि ठिकाण यांची नोंद त्यांच्याकडे राहते, ती नंतर आपल्याला मागता येते. आणि गाडी परत घेताना समाधानाच्या कागदावर सही मागतात, फीडबॅकला दहापैकी दहा द्या म्हणून विनवतात. मी आधी जुन्या कात्रज घाटाने गाडी तापेपर्यंत चालवून आणली, सही त्यानंतर केली. फीडबॅकच्या फोनवर काकांचं नाव घेऊन कौतुक केलं आणि जॉबकार्डाचं जे झालं तेही पूर्ण सांगितलं.

वॉरंटीत बदललेला जुना पार्ट कंपनी ठेवून घेते, त्यामुळे नव्या पार्टचा नंबर बिलावर आला आहे ना ते पाहा. त्या नव्या संचाला वेगळी मुदत मिळत नाही, गाडीची मूळ वॉरंटी संपेपर्यंतच संरक्षण, असं मला सांगण्यात आलं. म्हणून ती संपायच्या आत मी वाढीव वॉरंटी घेतली, आणि तीही ॲक्च्युएटर त्यात धरलेला आहे असं ईमेलवर लेखी आल्यावरच.