आमची वाटचाल : डॉल्बी विकला, वही ठेवली

आमच्या पाटीवर एका कोपऱ्यात अजून 'साउंड सर्व्हिस' अशी पुसट अक्षरं दिसतात. दोनदा रंग मारला, पण पावसाळा आला की पुन्हा वर येतात. मग एखादं नवीन गिऱ्हाईक दारातूनच विचारतं, "डॉल्बी मिळंल का?" नाही मिळत. आता आम्ही लग्नाला, मिरवणुकीला हलगी, सनई, बँड वाजवणारे कलाकार ठरवून देतो. डॉल्बी एके काळी मिळायचा, आणि चांगला मिळायचा.

२००९ साली मी आणि चुलतभावानं दोन बेस आणि दोन टॉप असे स्पीकर, एक मशीन म्हणजे ॲम्प्लिफायर आणि जुना घेतलेला मिक्सर एवढ्यावर सांगलीत धंदा मांडला. गोडाऊन मारुती चौकाच्या मागच्या बाजूला. पाच वर्षांत आठ बेस झाले, जनरेटर घरचा झाला, गणपतीत ट्रॅक्टरला उसंत नसायची. पैसा होता. खोटं कशाला बोलू?

कंटाळा आला तो गाण्यांचा. लोकांना वाटतं साउंडवाल्याला गाणी आवडत असणार. अहो, मिठाईवाल्याला कधी पेढा खाताना बघितलंय का? पण माझा कंटाळा नुसता ऐकून ऐकून आलेला नव्हता. मिक्सरवर आवाजाची पातळी दाखवणारे दिवे असतात. जुन्या रेकॉर्डिंगला ते वरखाली नाचतात. गायक हळू झाला की दिवे उतरतात, कोरस आला की चढतात. नवीन रिमिक्स लावला की पहिल्या ठोक्याला सगळे दिवे लागतात ते गाणं संपेपर्यंत तसेच. सगळं एकाच पातळीला दाबून भरलेलं, पोत्यात हळद ठासावी तसं. ठोका संगणकानं आखलेला, एका केसाचा फरक नाही. शेवटी शेवटी तर त्यातले तीस सेकंदच हवे असायचे, मोबाईलवरच्या व्हिडिओपुरते. विश्रामबागच्या एका वरातीत नवरदेवाच्या मित्रांनी तोच तुकडा अकरा वेळा लावायला लावला. मी मोजला, कारण दुसरं काही काम नव्हतं. पेन ड्राइव्ह त्यांचा, गाणं त्यांचं. मी फक्त आवाज वाढवायचा.

त्याच सुमाराला गावभागातून एक मिरवणूक चालली होती. एका जुन्या वाड्याच्या खिडकीत एक म्हातारे गृहस्थ उभे. मला वाटलं, बघायला उभे आहेत. जवळ गेल्यावर दिसलं, दोन्ही तळवे काचेवर दाबून धरले होते, तावदान थरथरून फुटू नये म्हणून. आमचा ट्रॅक्टर पुढं जाईपर्यंत ते तसेच उभे होते. मी आवाज कमी केला नाही. मंडळाची पोरं समोर होती, ॲडव्हान्स खिशात होता.

म्हणजे मला उपरती झाली आणि मी धंदा सोडला, असं काही नाही. सोडवला कृष्णामाईनं. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आयर्विन पुलापाशी पाणी ५७ फुटांवर गेलं. धोक्याची पातळी ४५ ची. आम्ही मशीन वरच्या फळीवर ठेवून, कुलूप लावून निघालो होतो, २००५ च्या पुराच्या हिशोबानं. फळीही बुडाली. पाणी उतरल्यावर शटर उघडलं तर बेसचं प्लायवूड फुगून कणकेच्या गोळ्यासारखं झालेलं, आणि स्पीकरच्या कागदी कोनात गाळ. विमा नव्हता. जे सुकलं ते विकलं, उरलेलं भंगारात घातलं.

त्याच हिवाळ्यात चुलतबहिणीचं लग्न. वाजवायला घरचं काही उरलं नव्हतं आणि दुसऱ्याचा डॉल्बी भाड्यानं आणायला लाज वाटत होती. माझी बायको कुंडलची. ती म्हणाली, "अहो, आमच्या मैदानातले हलगीवाले बोलवू या की." कुंडलचं कुस्तीचं मैदान ज्यांनी बघितलंय त्यांना सांगायला नको. पैलवान नुसते हात मिळवत असतात तेव्हा हलगी चालीत असते. पट काढला की ती धावायला लागते, खालून साथीचं वाद्य, घुमकं, तिला ढकलतं, आणि डाव लागेपर्यंत लाखभर डोळे आणि एक हलगी एवढंच उरतं. कुणी ठोका आखून दिलेला नसतो. वाजवणाऱ्याची नजर पैलवानाच्या कमरेवर असते.

पाच जण आले. वरात निघायची वेळ झाली तर हलगी उतरलेली. अवकाळी पाऊस होऊन गेलेला, हवा दमट. हलगीचं कातडं सैल पडलं की तापवावं लागतं. मैदानात कागद पेटवून भागतं. कार्यालयाचा मॅनेजर जाळ म्हटल्यावर अंगावर आला. त्या पाच जणांतले हलगीवाले काका काही बोलले नाहीत. हलगी काखेत मारली आणि मागच्या दारानं थेट आचाऱ्याच्या भट्टीपाशी. बुंदीची कढई नुकतीच उतरली होती. निखाऱ्यावर हलगी गोल फिरवायची, बोटानं टिचकी मारायची, कान जवळ न्यायचा, पुन्हा फिरवायची. तिसऱ्या टिचकीला आवाज असा आला की आचाऱ्यानं झारा खाली ठेवला. मी दहा वर्षांत एवढी काळजीपूर्वक साउंड चेक केली नव्हती.

त्या वरातीत तीन लोकांनी मला नंबर मागितला. आमचा नवा धंदा तिथं सुरू झाला.

मग आला कोरोना. त्या दोन वर्षांबद्दल सगळ्यांनी सगळं लिहिलंय. आमच्यापुरतं एवढंच की बायकोनं दोनशे पानी वही घेतली आणि ओळखीच्या ओळखीनं फोन करत सुटली. कुठलं गाव, कुठलं वाद्य, किती माणसं, गाडी आहे का. शेवटच्या रकान्यात शेरा. "रात्री नऊनंतर फोन उचलत नाहीत." "सनई उत्तम, पण सूर धरणारा भाऊ मुंबईला." "एकादशीला येणार नाहीत, आग्रह नको." आमच्या फर्मची खरी मालमत्ता म्हणाल तर ती वही. जीएसटीच्या कागदांपेक्षा जास्त जपतो.

बंदी उठल्यावर हिंडलो. आरेवाडीच्या बिरोबाच्या बनात ढोल आणि कैताळ म्हणजे मोठ्या झांजा ऐकल्या. खरसुंडीच्या यात्रेत उभा राहिलो. जत भागात ओवी म्हणणारे मराठीत सुरू करून मध्येच कानडीत शिरतात आणि पुन्हा बाहेर येतात, ऐकणाऱ्या कुणालाच त्यात वेगळं काही वाटत नाही. मिरजेत ब्रास बँड शोधले. तिथली सतार आणि तंबोरा आता २०२४ पासून भौगोलिक मानांकनवाले झाले, छान झालं. पण ज्या क्लॅरिओनेटवाल्यांनी आमच्या आईवडिलांची लग्नं लावली त्यांची विचारपूस करायला मला तीन गल्ल्या पालथ्या घालाव्या लागल्या. आणि फसलोही. 'अस्सल पारंपरिक पथक' म्हणून एक पार्टी ठरवली, भरजरी फेटे, धोतरं, सगळं नटलेलं. सनईवाल्याचे गाल फुगलेले, बोटं फिरतायत, सूर एकदम स्वच्छ. जरा जास्तच स्वच्छ. श्वास कुठं घेतोय तेच कळेना. बघतो तर ढोलाच्या आड ब्लूटूथ स्पीकर. पेन ड्राइव्ह सोडून पळालो होतो, तो धोतर नेसून समोर आला.

तेव्हापासून माझ्या डोक्यात 'अस्सल' या शब्दानं घर केलं. जरा जास्तच. मिरजेकडच्या एका बँड मास्तरांना मी म्हणालो, "मास्तर, सिनेमाचं काही नको, आपलं जुनं, मूळचं वाजवा." मास्तर क्लॅरिओनेटची पत्ती जिभेवर भिजवत होते. ती काढून म्हणाले, "साहेब, बँड मुळात गोऱ्यांच्या पलटणीचा. मूळचं पाहिजे असंल तर त्यांचं मार्चिंग वाजवतो." मी गप्प. त्या संध्याकाळी त्यांनी सिनेमाचीच गाणी वाजवली. मध्येच त्यांना खुर्चीत बसलेली नवरीची आजी दिसली, हातातल्या रुमालानं ताल धरलेला. त्यांनी डोळ्यानं ट्रम्पेटला थांबवलं, साइड ड्रमला हळू केलं आणि एक अभंग घेतला, फक्त तिच्या खुर्चीसमोर, दोन कडवी. मग परत सिनेमा. ही गोष्ट मिक्सरवरून मला कधी करता आली नसती. मला आजी दिसलीच नसती, मी दिव्यांकडं बघत असायचो.

दुसरा धडा कडू होता. आमच्या हलगीवाल्या काकांचा मुलगा कुपवाड एमआयडीसीत कामाला आहे. बापापेक्षा हात हलका, असं काकाच सांगतात. त्याला म्हटलं, ये की आपल्यात. तो म्हणाला, "दादा, शाळेत मला हलगीवाल्याचा म्हणून हाक मारायचे, नावानं नाही. गावात मयत असू दे नाहीतर लग्न, बापाला बोलवायचे आणि जेवायला लांब बसवायचे. तुमाला ते अस्सल वाटतंय." हलगी, सनई पिढ्यान्‌पिढ्या ठरावीक जातींच्याच वाट्याला आल्या, हे मला काय माहीत नव्हतं? माहीत होतं. पण परंपरा, परंपरा करत हिंडताना मी तेवढं पान उलटून पुढं जात होतो. तो आला नाही. अजून आलेला नाही. मैदानाच्या दिवशी तेवढी रजा काढून बापाशेजारी उभा राहतो आणि वाजवतो.

त्यानंतर आमच्या करारात एक ओळ आली : कलाकारांचं जेवण पाहुण्यांच्या पंगतीत, त्याच वेळी. एका लॉनवाल्यानं आमच्या सनईवाल्यांना जनरेटरमागं सतरंजी टाकून उरलेलं वाढलं होतं. त्या जागेत आम्ही पुन्हा काम घेतलं नाही. एका मंडळाकडं चौदा हजार अजून अडकलेत, ते येतील असं वाटत नाही. कलाकारांना मात्र त्याच रात्री दिले. आम्ही पंधरा टक्के घेतो आणि तो आकडा त्यांच्यासमोर बोलतो, कारण मधल्या माणसानं किती खाल्ले हे कळलं नाही की वाजवणाऱ्याचा हात आखडतो. अनेकांना माहीत नसतं, लोककलेच्या किंवा शास्त्रीय संगीताच्या एका कार्यक्रमाचं मानधन दीड लाखापर्यंत असेल तर कलाकाराला जीएसटी लागत नाही. आमच्या सेवेवर लागतो, तो वेगळा दाखवतो.

आता डॉल्बीमुक्तीचं भाषण करायला मला बोलावतात. जात नाही. स्टेजवर नाट्यपंढरी, विष्णुदास भावे, १८४३ चं पहिलं मराठी नाटक, रेठरे हरणाक्षचे पठ्ठे बापूराव, वाटेगावचे अण्णा भाऊ अशी सगळी नावं झडतात आणि बाहेर बेस धडधडत असतो. आणि खरं सांगायचं तर हलगी काय कुजबुजते का? आमच्या जुन्या मीटरवर जवळून शंभराच्या आसपास जाते. रहिवासी भागात नियम दिवसा ५५ डेसिबलचा आणि रात्री ४५ चा आहे, तो वाद्य बघून बदलत नाही. फरक एवढाच की वाजवणाऱ्याचा हात दुखतो. वीस मिनिटांनी तो थांबतो, पाणी पितो, बिडी ओढतो, तेवढ्यात गल्लीतली माणसं एकमेकांशी बोलतात. रात्री दहाच्या आत आम्ही गुंडाळतो. कुणी अजून पाच मिनिटं म्हटलं तर काका हलगी पिशवीत घालून मोकळे.

सध्या तुळशीच्या लग्नानंतरच्या तारखा भरायला लागल्यात. परवा बायकोनं वहीत एक नवीन नोंद केली. आटपाडीकडचे सनईवाले, वय सत्तरीच्या पुढं, मोबाईल ठेवत नाहीत. फोनच्या रकान्यात तिनं लिहिलंय : "स्टँडसमोरच्या पानटपरीवर निरोप ठेवणे. बाजाराच्या दिवशी येतात."