बोर्डिंगच्या ओट्यावरचा मार्क

नगरच्या आपल्या मिशन शाळेच्या जुबिलीच्या स्मरणिकेसाठी लेख दे म्हणून कमिटीवाले कधीपासून मागे लागलेत. गॅदरिंग, कबड्डीची टीम, गणिताच्या बाईंचा मार यावर बाकीचे लिहिणारच आहेत म्हणून मी ते सगळं सोडतो. मी बोर्डिंगचा पोरगा, नेवासा तालुक्यातल्या खेड्यातून पाचवीला आलो तो दहावी होईपर्यंत इथंच. त्यामुळं माझी निम्मी शाळा वर्गात आणि निम्मी संध्याकाळी सहानंतर बोर्डिंगच्या ओट्यावर, आणि खरं सांगायचं तर ही दुसरी निम्मीच मला आयुष्यभर पुरली.

वर्गातल्या मित्रांना (आमच्या तुकडीत हिंदू, मुसलमान, जैन सगळेच होते) वाटायचं की मिशनची शाळा म्हणजे आम्हाला रात्रंदिवस बायबल घोकायला लावतात. शाळेत तसलं काही नव्हतं आणि असूही शकत नव्हतं, अनुदानित शाळेत मुलाला पालकांच्या संमतीशिवाय धर्मशिक्षणाला बसवता येत नाही हे घटनेच्या 28व्या कलमात लिहिलंय आणि आमचे बोर्डिंगचे सर हे कलम आम्हाला स्वतः वाचून दाखवायचे. बोर्डिंगमधली आम्ही पोरं मात्र चर्चमधल्या घरांतली, आईबापानं त्यासाठीच इथं टाकलेली. तरी सर म्हणायचे, आईबापाच्या विश्वासावर दहावीपर्यंत निभेल रे, पुढचं काय?

आता नगरमध्ये हे असं शिकवणं काही नवीन नव्हतं. अमेरिकन मराठी मिशन इथं 1831 ला आलं, ज्ञानोदय हे ख्रिस्ती नियतकालिक 1842 ला इथूनच निघालं, ख्रिस्ती झालेले कवी रेव्हरंड ना. वा. टिळक इथलेच म्हणायचे. हे सगळं आम्हाला भाषणांत इतक्यांदा ऐकवलंय की झोपेत विचारलं तरी सांगू. पण त्या भाषणांनी माझ्या विश्वासाला काही झालं नाही. जे झालं ते दर गुरुवारच्या ओट्यामुळं.

सर पाच-सहा पोरांच्या वर घ्यायचे नाहीत. जास्त झाली की दुसरा गट आणि तो एखाद्या दहावीच्या पोराच्या गळ्यात. आम्ही मार्काचं शुभवर्तमान वाचायचो, कारण बायबलमध्ये येशूच्या चरित्राची चार पुस्तकं आहेत त्यांत तेच सगळ्यात छोटं, सोळा अध्याय. पण छोटं म्हणून लवकर संपलं असं नाही, आठवीत सुरू केलं ते नववी निम्मी झाली तरी चालूच. नियम एकच, वाचून झालं की प्रत्येकानं एक न पटलेली गोष्ट सांगायची. पटलेली नाही, न पटलेली. पहिले काही गुरुवार आम्ही गप्पच, कारण रविवारच्या शाळेत सोनेरी वचन पाठ म्हटलं की शाबासकी मिळायची, न पटलेलं सांगायचं असतं हे कुणाला माहीत?

मग पाचवा अध्याय आला. गरसेकरांच्या मुलखातली गोष्ट, येशूनं एका माणसातून काढलेली भुतं डुकरांच्या कळपात शिरतात आणि सुमारे दोन हजार डुकरं कड्यावरून समुद्रात जाऊन मरतात. आमच्यातला एक, ज्याच्या घरी शेळ्या होत्या, तो म्हणाला, सर, त्या डुकरांच्या मालकाचं काय झालं, त्याला पैसे कुणी दिले? आम्ही हसलो. सर हसले नाहीत, म्हणाले, हा प्रश्न मलाही पडलाय आणि मला उत्तर येत नाही. पुढच्या गुरुवारी ते बायबलवरचे दोन जाडजूड भाष्यग्रंथ घेऊन आले, त्यातलं वाचून दाखवलं, आणि वर सांगितलं की माझं यानं पूर्ण समाधान झालेलं नाही. मला वाटतं त्या दिवशी आमच्यातले निम्मे तरी बायबल स्वतःहून उघडायला लागले. मोठ्या माणसाला पण अडतं आणि तरी तो विश्वासात आहे, हे आम्ही पहिल्यांदाच बघत होतो.

आणि नवव्या अध्यायातला तो आजारी पोराचा बाप. 'माझा विश्वास आहे, माझा अविश्वास घालवून टाका' असं एका दमात ओरडणारा. सर म्हणायचे ही प्रार्थना पाठ करा, बाकीच्या विसरलात तरी चालेल.

दृढीकरणाची गोष्ट मात्र सविस्तर सांगतो. बाहेरच्यांसाठी सांगायचं तर आमच्याकडं बऱ्याच जणांचा बाप्तिस्मा तान्हेपणी होतो, मग समज आल्यावर बिशप येऊन दृढीकरण करतात आणि मग प्रभुभोजनाला, म्हणजे चर्चमधल्या भाकर आणि द्राक्षारसाच्या विधीला, बसायचं. (1970 ला नागपूरला सहा मंडळ्या मिळून चर्च ऑफ नॉर्थ इंडिया झाली तेव्हा लहानपणी बाप्तिस्मा आणि मोठेपणी बाप्तिस्मा दोन्ही पद्धती ठेवल्या, म्हणजे कुठल्या वयात माणूस खरा विश्वास धरतो यावर मोठमोठ्या लोकांचंही एकमत नव्हतं.) तर आमच्या दृढीकरणाची यादी गेलेली, पांढरे शर्ट शिवून आलेले, दहा आज्ञा, प्रभूची प्रार्थना, विश्वासांगीकार सगळं पाठ, आणि आमच्यातला एक पोरगा आदल्या आठवड्यात बोर्डिंगमधून पळाला. स्टँडवर सापडला. म्हणाला, मला प्रार्थनेत काहीच वाटत नाही, मी तिथं उभं राहून खोटं कसं बोलू?

बोर्डिंगमध्ये गदारोळ. याला घरी पाठवा इथपर्यंत बोलणं गेलं. सरांनी आम्हाला त्या गुरुवारी मार्क वाचायला दिलाच नाही, मार्काचीच गोष्ट सांगितली. पौल आणि बर्णबा हे सुरुवातीच्या काळातले प्रचारक पहिल्या फेरीला निघाले तेव्हा हा तरुण योहान मार्क त्यांच्याबरोबर होता, आणि पंफुल्यात पोचल्यावर त्यांना सोडून यरुशलेमेला परत गेला. पुढच्या फेरीला पौल म्हणाला, मधेच सोडून जाणारा माणूस मला नको. बर्णबा म्हणाला, मला पाहिजे. यावरून दोघांत एवढं वाजलं की वाटा वेगळ्या झाल्या, पौल सीलाला घेऊन गेला आणि बर्णबा मार्काला घेऊन कुप्रास, म्हणजे सायप्रसला. आणि कित्येक वर्षांनी पौल तुरुंगातून त्याच्या तरुण सहकाऱ्याला, तीमथ्याला, लिहितो की येताना मार्काला घेऊन ये, तो सेवेसाठी मला उपयोगी आहे. मधल्या वर्षांत बर्णबानं मार्काला काय शिकवलं, कसं शिकवलं, याचं एक अक्षर बायबलमध्ये नाही. सर म्हणाले, लिहिण्यासारखं काही नसेलच, बरोबर राहिला असेल.

त्या पोराला घरी पाठवलं नाही. सरांनी त्याला सांगितलं, यंदा नको घेऊस, पुढच्या वर्षी नको वाटलं तर तेव्हाही नको, पण गुरुवारी ओट्यावर येत जा. तो आला. त्यानं शाळेत असेपर्यंत दृढीकरण घेतलं नाही आणि पुढंही घेतलं की नाही मला माहीत नाही, मी विचारत नाही. भेटला की अजून बायबलवरून वाद घालतो, आणि माझ्यापेक्षा त्याचा अभ्यास जास्त आहे हे मान्य करावं लागतं.

वाचण्यापेक्षा जास्त शिकलो ते कामाला जुंपल्यामुळं. रविवारी सकाळी एक मोठा आणि एक छोटा अशी जोडी, एक सायकल, आणि शेजारच्या वस्तीवर पोरांची रविवार शाळा घ्यायची. सातवीतल्या मला तिथल्या पहिलीतल्या पोरांना उधळ्या पुत्राची गोष्ट सांगायची होती आणि त्यातला, उधळून परत आलेल्या धाकट्याचं बापानं स्वागत केल्यावर रुसणारा मोठा भाऊ मलाच बरोबर वाटायचा, तर सांगू काय? नाताळला कीर्तन. ख्रिस्ती कीर्तन म्हटलं की अजून लोक आश्चर्य करतात, पण एकोणिसाव्या शतकात नगरच्याच कृष्णराव सांगळ्यांनी ते सुरू केलं. पूर्वरंग, उत्तररंग, पेटी, तबला, झांजा सगळं. कीर्तनाला उभं राहायचं म्हणजे आख्यान नुसतं पाठ असून भागत नाही, समोरच्या म्हातारीला पटलं पाहिजे.

वर्गात कधीकधी कुणीतरी बाटग्या म्हणायचं. हे जुबिलीच्या पुस्तकात लिहू नये असं एकाला वाटलं, मला वाटतं लिहावं, कारण ज्यानं म्हटलं तो आज माझा जवळचा मित्र आहे. सर म्हणायचे, येशूचा शिष्य पेत्र यानं लिहिलंय की तुमच्या आशेबद्दल कुणी विचारलं तर उत्तर द्या पण सौम्यपणे, आणि उत्तर द्यायचं तर आधी विचारणाऱ्याचं वाचा. म्हणून त्यांनी आम्हाला तुकोबांचे अभंग वाचायला लावले. टिळक स्वतःच सांगायचे ना की आपण तुकारामांच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आलो.

आता मी पिंपरी-चिंचवडला असतो, आमच्या चर्चच्या तरुण संघात कॉलेजची पोरं-पोरी येतात. त्यांच्या मोबाईलवर रोज सकाळी वचन येतं, वर्षातून एकदा कॅम्प होतो, बँड असतो, शेवटच्या रात्री रडारड होते, हात वर होतात, आणि मंगळवारपर्यंत सगळं निवतं. मी कॅम्पच्या विरोधात नाही, माझी मुलगी पण जाते. पण इंटरव्ह्यूला नापास झाल्यावर, दुसऱ्या धर्मातल्या मुलावर प्रेम बसल्यावर, आईचा कॅन्सर प्रार्थना करूनही बरा न झाल्यावर हे पोरगं कुणाला फोन करणार? कॅम्पच्या स्पीकरचा नंबर त्याच्याकडं नसतो. पाळकसाहेबांकडं अख्खी मंडळी, ते तरी किती पुरणार. तीमथ्याच्या घरात आजी लोईस आणि आई युनीके होत्या असं पौल लिहितो. माझ्या घरात बायबल बाईंकडून (घरोघरी जाऊन बायबल वाचून दाखवणाऱ्या बाई) ऐकून ऐकून स्तोत्रं पाठ केलेली, सही पण न येणारी आजी होती. आज आजी गावाला आणि नातू हिंजवडीत, मग कुणीतरी ती जागा घ्यायला नको का?

जुबिलीला देणगी गोळा होतेय, कमान होणार आहे, पेव्हर ब्लॉक बसणार आहेत, होऊ देत. माझी विनंती वेगळी आहे. बोर्डिंगमध्ये आजही पोरं आहेत आणि ओटा पण आहे, फक्त गुरुवारी त्यावर कुणी बसत नाही. माजी विद्यार्थ्यांपैकी जे नगर, राहुरी, श्रीरामपूर, पुणे भागात आहेत त्यांनी महिन्यातून एक शनिवार संध्याकाळ द्यावी. खाऊ आणू नका, भाषण तर नकोच, पाच-सहा पोरं घ्यायची आणि मार्क काढायचा. पण एकदा सुरू केलं की त्या पोरांची दहावी होईपर्यंत यायचं, मधेच सोडणार असाल तर आधीच सांगा. रेक्टर साहेबांशी मी बोललोय, त्यांची परवानगी आहे, पालकांनाही कळवणार आहेत. मुलींच्या बोर्डिंगसाठी माजी विद्यार्थिनी हव्यात. दुसरा शनिवार मी घेतलाय, बाकीचे मोकळे आहेत, नावं कमिटीकडं द्या.