खाल्ल्या मिठाला जागणारा बग

मी व्हिडिओ गेम तपासणारा टेस्टर. सापडलेल्या बगची, म्हणजे चुकीची, जी नोंद करतो तिला तिकीट म्हणतात. या तिकिटाचा मथळा असा होता: ‘सिंहासनाचं दालन. निष्ठा ३०च्या खाली असूनही सेनापती लढायला उठतो. २० पैकी ३ वेळा.’ गंभीरता ‘अ’, म्हणजे सगळ्यात जास्त. कन्सोल बनवणाऱ्या कंपन्यांच्या तपासणीला बिल्ड, म्हणजे गेमची त्या वेळची आवृत्ती, पाठवायला ९ दिवस उरले होते आणि ‘अ’ दर्जाचं एकही तिकीट उघडं ठेवून बिल्ड पाठवता येत नाही. हे तिकीट चार दिवसांत बंद झालं. ते बंद व्हायला हवं होतं का, हे मात्र अजून डोक्यातून जात नाही.

गेमचं नाव करारामुळे सांगता येत नाही. पण हे पात्र काही नवीन नाही. बादशहा नासलेला, सेनापती सरळमार्गी, आणि तरी सेनापती चाकरी सोडत नाही, हे फँटसी गेमच्या लोकांना तोंडपाठ आहे. फायनल फँटसी या जपानी गेममालिकेच्या चौथ्या भागात (१९९१) सेसिल हा सेनानी राजाच्या हुकमावरून मिस्ट नावाच्या गावी एक अंगठी पोचवतो आणि त्या अंगठीतूनच गाव पेटतं. सहाव्या भागात (१९९४) जनरल लिओ डोमाच्या किल्ल्याला वेढा घालून बसलेला असतो. बादशहा गेस्टाल त्याला परत बोलावतो, त्याची पाठ वळताच बादशहाचाच माणूस केफ्का नदीत विष कालवतो आणि किल्ला आतल्या माणसांसकट मरतो. हे कळूनही लिओ चाकरीतच राहतो. नवव्या भागात (२०००) सेनापती बिअ‍ॅट्रिक्स राणी ब्रानसाठी शहरं पाडते आणि फार उशिरा भानावर येते.

टेस्टरच्या नजरेनं पाहिलं तर कथा अडू न देता असं पात्र कसं सांभाळायचं, या एकाच अडचणीवर तिन्ही ठिकाणी तीन तोडगे काढलेत. सेसिल थेट खेळाडूच्या हातात दिला, म्हणजे तो कधी फिरणार हे कथेच्या ताब्यात राहिलं. लिओला थमासा गावात थोडा वेळ खेळाडूच्या हाती देऊन मारून टाकला. बिअ‍ॅट्रिक्सशी तीनदा लढाई होते आणि तिन्ही वेळा तीच एका घावात सगळ्यांचं बळ १ वर आणून लढाई संपवते. तुम्ही कितीही भारी असा, ती मरत नाही, त्यामुळे पुढची कथा अडत नाही. ही आखणी मला फार आवडते. तिघांचंही काय होणार हे लेखकांनी आधीच ठरवलेलं होतं. लिओला परत जिवंत करण्याची गुप्त युक्ती आहे, अशा अफवांमागे लोक वर्षानुवर्षं धावले. अशी युक्ती गेममध्ये नाहीच.

आमच्या डिझायनरांनी सेनापतीचं नशीब आकड्यावर सोडलं होतं. निष्ठा ० ते १००, सुरुवात ८० पासून. चार प्रसंगांनी ती उतरते. सैन्याचं धान्य बादशहानं परस्पर विकल्याची पत्रं दाखवली की २५ नं. वेशीजवळच्या विहिरीत विष टाकलेलं त्यानं स्वतः पाहिलं की २० नं. त्याच्या लेखनिकाचं डोकं उडवलं की १५ नं. पुलावर त्याचे जखमी सैनिक तुम्ही न मारता सोडले की १० नं. चारही घडले तर उरते १०. दालनात बादशहा म्हणतो, ‘संपव याला.’ तो प्रसंग संपताना एकदाच तपासणी होते. ३० किंवा जास्त असेल तर सेनापती तुमच्याशी लढतो. कमी असेल तर काही न बोलता सहा पावलं चालत डावीकडच्या खांबापाशी जाऊन उभा राहतो. मग बादशहा आणि तुम्ही.

आम्हाला जे दिसत होतं ते वेगळंच होतं. निष्ठा १०. सेनापती खांबापाशी उभा. बादशहाचं बळ निम्म्यावर आलं की अचानक हा तलवार काढून खेळाडूवर धावून येतो. लढून मरतो. वीस वेळा खेळलो, तीनदा झालं.

बाहेरच्यांना वाटतं, टेस्टर दिवसभर मजेत गेम खेळतात. वीस वेळा खेळणं म्हणजे काय ते सांगतो. सरळ मार्गानं त्या दालनापर्यंत यायला चार तास लागतात. म्हणून दालनाच्या दाराबाहेरची सेव्ह फाइल ठेवायची, ती उघडायची, दार, संवाद, लढाई, नोंद, पुन्हा फाइल. एक फेरी साधारण सात मिनिटांची. दरवेळी बादशहाचं तेच वाक्य. संध्याकाळपर्यंत ते वाक्य जेवणाच्या टेबलावर कुणी कुणाचा डबा ओढला तरी ऐकू यायला लागलं.

गेम बनवणाऱ्या टीमकडून पहिलं उत्तर आलं ते ठरलेलं: ‘आमच्याकडे होत नाही.’ याचा राग येतो, कारण त्यांनी ते कसं पाहिलं असणार हे न विचारताही कळतं. डीबग मेन्यू (गेममधलं काहीही हातानं बदलायची बनवणाऱ्यांची सोय) उघडला, कथेचा टप्पा थेट दालनावर नेला, निष्ठा हातानं १० केली, बादशहाला दोन फटक्यांत पाडला, बंद. पण डीबगमध्ये खेळाडूची तलवार इतकी ताकदवान असते की बादशहा निम्म्या बळावर जेमतेम सेकंदभर राहतो. जे होतं ते त्या निम्म्यानंतरच होतं. तिकिटात पायऱ्या लिहिल्या होत्या, चौथ्या पायरीत ‘साधी तलवार’ असं लिहिलंही होतं. पायऱ्या कुणी वाचत नाही. व्हिडिओ मागतात, आणि तोही शेवटून पाहतात.

म्हणून तीन ‘झालेल्या’ आणि तीन ‘न झालेल्या’ व्हिडिओंच्या चौकटी शेजारी शेजारी लावून बसलो. पहिला दीड तास काहीच नाही. हत्यार एकच, कवच एकच, वेळही जवळपास तीच. मी सेनापतीकडे बघत होतो. शेजारच्या टेबलावरची मुलगी, जिला येऊन जेमतेम चार महिने झाले होते, ती मागून म्हणाली, “अरे, तू बादशहाकडे बघ ना. तो कुठे पळतोय बघ.”

बादशहाचं बळ ५० टक्क्यांखाली गेलं की त्यानं जवळच्या लढाईतून मागं सरकायचं आणि आडोसा शोधायचा, अशी त्याची घडण होती. दालनात आडोशाचे पाच बिंदू होते. खेळाडूपासून सगळ्यात दूर जो असेल तो निवडायचा. त्यातला एक नेमका डाव्या खांबाच्या मागे होता. म्हणजे खेळाडू उजवीकडून, पश्चिमेच्या खिडक्यांच्या बाजूनं लढत असला की बादशहा पळत जाऊन सेनापतीच्याच पाठीमागे लपायचा.

तिथून पुढे उलगडा लवकर झाला. खांबापाशी उभ्या सेनापतीची अवस्था ‘स्तब्ध’ होती. स्तब्ध पात्र लढाईचे आवाज, आरडाओरडा, रक्त, कशालाच दाद देत नाही. पण गेममध्ये दुसरीकडे दरोडेखोरांच्या टोळ्या होत्या, आणि म्होरक्याला फटका बसला की टोळी खवळावी म्हणून वेगळ्या टीमनं ‘म्होरक्याला लागलं’ असा एक निरोप नंतर घातला होता. त्याचा पल्ला १० मीटर, आणि प्राधान्य ‘स्तब्ध’च्या वर. का, तर झोपलेले दरोडेखोरही उठावेत म्हणून. झोप आणि स्तब्धता दोन्ही आत एकाच खान्यात ठेवलेल्या. बादशहावर ‘म्होरक्या’ ही खूण होती. सिंहासनाची पायरी खांबापासून १४ मीटर, तिथं फटका बसला तर निरोप पोचायचा नाही. खांबामागे बसला तर अंतर दीड मीटर. निरोप पोचायचा आणि सेनापती आपल्या गटाची खूण तपासायचा. ती खूण कुणी बदललेलीच नव्हती. निष्ठेचा आकडा ८० वरून १० वर आला, पण गटाच्या रकान्यात शेवटपर्यंत लिहिलेलं होतं: ‘साम्राज्य’.

पश्चिमेकडून लढायचं ठरवून दहा फेऱ्या केल्या. दहाच्या दहा वेळा झालं. तिकिटावर ‘१० पैकी १०’ लिहिताना जे सुख मिळतं ते आमच्या धंद्याबाहेर समजावता येत नाही.

पण त्या दहा फेऱ्या टेबलाभोवती उभं राहून सहाजणांनी पाहिल्या, आणि चौथ्या-पाचव्या फेरीपासून कुणी बोलेना. कारण पडद्यावर दिसत होतं ते असं. ज्यानं धान्य विकून सैन्य उपाशी ठेवलं, ज्यानं विहीर नासवली, तो बादशहा जांघेला हात लावून धडपडत येतो आणि ज्याला फसवलं त्याच्याच पाठीमागे दडतो. सेनापती एक क्षण तसाच उभा. (तो ‘क्षण’ म्हणजे स्तब्ध अवस्थेतून बाहेर येण्याचे ०.८ सेकंद.) मग तलवार. चेहरा तोच, निर्विकार, कारण त्या प्रसंगासाठी चेहऱ्याचं अ‍ॅनिमेशन केलेलंच नव्हतं. एकजण हळूच म्हणाला, “भीष्म आहे रे हा.” दुसरा म्हणाला, “मिठाला जागला.” लेखकांनी चार तास खपून जे सांगितलं होतं, की हा माणूस शेवटी शहाणा झाला, त्यापेक्षा हे जास्त पटत होतं.

संध्याकाळच्या कॉलवर परदेशातली कथेची मुख्य लेखिका होती. व्हिडिओ तिलाही आवडला. ‘खाल्ल्या मिठाला जागणं’ तिला इंग्रजीत सांगताना आमची तारांबळ उडाली. शेवटी, ज्याचं अन्न खाल्लं त्याच्याविरुद्ध हात उचलवत नाही, एवढं सांगितलं. ती थोडा वेळ गप्प बसली आणि म्हणाली, हे ठेवता येईल का बघा. प्रोड्युसरनं मग पुढच्या प्रकरणाचा तक्ता उघडला. नगराच्या दरवाजावर सेनापती भेटतो, त्याची १४ वाक्यं रेकॉर्ड झालेली, आवाज देणाऱ्याचं काम संपलेलं, आणि तो बोलल्याशिवाय दरवाजा उघडत नाही. तो दालनात मेला तर खेळाडू दरवाजाबाहेर कायमचा अडकतो. विषय संपला. तक्ता खरा होता, प्रोड्युसरचं काही चुकलं नाही. तरीही ज्या गेममध्ये एका माणसाच्या मरणाची सोय नाही, तिथं त्याच्या निष्ठेला आकडा देऊन निवड असल्याचा आव का आणला, हे विचारायला हवं होतं. मी विचारलं नाही.

दुरुस्तीचे तीन प्रयत्न झाले. पहिला सगळ्यात सरळ वाटणारा: निष्ठा ३०च्या खाली गेली की गटाची खूण ‘साम्राज्य’वरून ‘तटस्थ’ करायची. दुसऱ्या दिवशीच्या बिल्डमध्ये आम्ही लढाई जिंकून वळलो तर खांबापाशी सेनापतीचं प्रेत. दालन हे मज्जावाचं क्षेत्र, तिथं हत्यार बाळगणारा तटस्थ माणूस म्हणजे घुसखोर. दारावरच्या दोन पहारेकऱ्यांनी, काल ज्यांना तो हुकूम देत होता त्यांनीच, त्याला मारलं होतं. आमचं लक्ष बादशहाकडे असताना, आवाज न होता. हा बग मूळ बगपेक्षा वाईट, कारण खेळाडूला कळणारही नाही की काय झालं. नोंदवहीत मात्र ओळ तशीच: ‘सेनापतीशी बोला.’

दुसरा प्रयत्न, खांबामागचा आडोशाचा बिंदू काढणं. मग बादशहाला त्या बाजूला जागा सापडेना आणि तो खांबाच्या कडेला जागच्या जागी धावत राहिला. हसून पुरेवाट झाली, पण ते तिकीट वेगळं.

तिसरा टिकला. झोप आणि स्तब्धता यांचे खाने वेगळे केले, आणि ‘म्होरक्याला लागलं’ हा निरोप फक्त झोपेला लागू ठेवला. खूण ‘साम्राज्य’च राहिली, त्यामुळे पहारेकरी त्याला हात लावत नाहीत. बादशहा अजूनही त्याच्यामागे लपायला जातो, ते कुणी काढलं नाही. पश्चिमेकडून तीस फेऱ्या केल्या, मग दरोडेखोरांच्या तिन्ही तळांवर दहा-दहा, कारण अशा दुरुस्तीनं तिकडचे झोपलेले लोक उठायचे थांबतात. नाही थांबले. तिकीट बंद.

बंद करायच्या आधीच्या शेवटच्या फेरीत एक गोष्ट दिसली. बादशहाला खांबामागे फटका बसला की सेनापतीचा उजवा हात मुठीवर जातो. तलवार निघत नाही, पाय हलत नाही, फक्त हात. निरोप नाकारला जातो, पण नाकारण्याच्या एक चौकट आधी वरच्या शरीराचं अ‍ॅनिमेशन सुरू झालेलं असतं आणि ते मागं घ्यायला कुणी सांगत नाही. मग लढाई संपेपर्यंत, बादशहा पाठीमागे मरेपर्यंत, तो मुठीवर हात ठेवून समोर बघत उभा राहतो. नियमाप्रमाणे मी नवं तिकीट टाकलं: ‘सेनापतीचा हात मुठीवर अडकतो. १० पैकी १०.’ गंभीरता ‘ड’. व्हिडिओ जोडला, पायऱ्या लिहिल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते लेखिकेच्या नावानं परत आलं होतं. शेरा: ‘दुरुस्ती नको.’