शेऱ्याच्या रकान्यात

मंगळवार, रात्री

दिवसभर मुलाखती घेतल्या. आमच्या सरकारी कार्यालयातल्या संगणकाच्या कामाच्या दोन जागा, सहा उमेदवार. घरी येऊन तीन तास झाले, तरी चौथ्या क्रमांकाला आलेल्या मुलीचा प्रश्न मनातून जात नाही.

प्रत्येकाला आम्ही पेन्शनचा एक ऑनलाइन अर्ज दाखवत होतो. मुद्दाम चुका ठेवलेला. यात काय बदलाल, एवढंच विचारायचं. पहिल्या तिघांनी पान हळू उघडतंय, डेटाबेसची रचना चुकली आहे, असं बरंच सांगितलं, आणि ते बरोबरही होतं. ती मात्र बराच वेळ नुसती वाचत राहिली. मग म्हणाली, "आडनाव टाकल्याशिवाय हा अर्ज पुढे जात नाहीये. ज्यांना आडनावच नाही त्यांनी काय करायचं? आणि फोन मुलाकडे असला तर ओटीपी कोण सांगणार?"

खोलीत क्षणभर कुणीच बोललं नाही.

पुढे सुरक्षेवरच्या एका प्रश्नाला तिने सरळ सांगितलं, "हे मला येत नाही. तुमच्याकडे कुणाला विचारता येईल?" तिथे शून्य द्यावं लागलं. गुणपत्रकात रकाने चारच: शिक्षण, अनुभव, तांत्रिक ज्ञान, संवाद. आडनावाच्या प्रश्नाला गुण द्यायला जागाच नाही. मी शेऱ्याच्या रकान्यात बारीक अक्षरात सगळं लिहून ठेवलं.

त्या शून्याचं मला फार वाईट वाटलं. सरकारी प्रकल्प बुडतात ते बहुतेकदा कुणी तरी वेळेवर "जमत नाहीये" म्हणत नाही म्हणून, किंवा म्हटलेलं कुणी ऐकत नाही म्हणून. 1 ऑक्टोबर 2013 ला अमेरिकेची आरोग्यविम्याची वेबसाइट सुरू झाली, तेव्हा पहिल्या दिवशी जेमतेम सहा जणांची नोंदणी पूर्ण झाली. धोक्याचे इशारे आधीच मिळाले होते. ब्रिटनच्या सरकारी डिजिटल विभागाने 2016 मध्ये एक पोस्टर केलं, इथे कोणकोणत्या गोष्टी केल्या तरी चालतात याचं. "मला माहीत नाही" म्हणणं त्यात होतं, मदत मागणंही. आपल्याकडे ते चालतं का, हे नव्या माणसाला पोस्टरवरून नाही, मुलाखतीतच कळतं. आज तिला आम्ही काय कळवलं?

पाचव्याचा अर्ज छाननीत सर्वांत वर होता. जाहिरातीतला प्रत्येक शब्द त्यात होता. पण स्वतः केलेलं एकही काम त्याला नीट उलगडून सांगता आलं नाही. त्याला दोष देत नाही. आमची छाननी शब्द जुळवते, म्हणून लोक शब्द भरतात. अमेरिकेतही सरकारी नोकरीचे उमेदवार स्वतःच स्वतःला तज्ज्ञ म्हणून गुण द्यायचे आणि यादीत वर यायचे. 2019 मध्ये तिथे काही विभागांनी छाननी आणि मुलाखती त्याच कामातल्या जाणकारांकडे दिल्या. आमच्या छाननीला आमच्यातला एक जरी प्रोग्रामर बसवला, तरी फरक पडेल. हे मी दोनदा लेखी दिलंय.

गेल्या वेळी निवडलेला मुलगा पडताळणीचे कागद फिरेपर्यंत दुसरीकडे रुजू झाला. त्याचं टेबल अजून रिकामं आहे.

गुणांची बेरीज केली तर ती तिसरी येते. उद्या अकराला यादीवर सह्या आहेत. मी साडेनऊलाच जाणार आहे आणि समितीच्या अध्यक्षांना सह्या करण्याआधी शेऱ्याचा रकाना वाचायला सांगणार आहे.