शिदोरीतल्या मुंग्या

इटलीतल्या ला व्हेर्नाच्या ज्या डोंगरावर 1224 साली संत फ्रान्सिसच्या देहावर प्रभू येशूच्या क्रुसावरच्या जखमा उमटल्या, तेथून असिसीकडे चालू लागताना माझ्या ओठांवर एकच प्रार्थना होती : प्रभू, मला हाक मार. सानसेपोल्क्रो, चित्ता दि कास्तेल्लो हे मुक्काम आता आठवणीत एकमेकांत मिसळून गेले आहेत. यात्रेकरूच्या पुस्तिकेवर शिक्का मिळेपर्यंत मला चैन पडत नसे आणि रात्री इतरांच्या पुस्तिकांतले शिक्केही मी मोजत असे. लोभ मागे सोडून आलो आहे, अशी माझी समजूत होती. तो सोबतच चालत होता. पैशांऐवजी आशीर्वाद मोजत होता, एवढेच.

पिएत्रालुंगाहून गुब्बियोला जाताना भर दुपारी डाव्या टाचेवरचा फोड फुटला आणि मोजा रक्ताने कातडीला चिकटला. मागून येणारा एक गट स्तुतिगीते गात होता. त्यांचा मला इतका संताप आला की, यांना गप्प कर, असे मी देवालाच सांगितले. एका घराच्या पायरीवर बसलो, तेव्हा आतून एक वृद्धा आली. आम्हाला एकमेकांची भाषा येत नव्हती. तिने कोमट पाणी आणले, खाली बसून माझा पाय मांडीवर घेतला, मोजा भिजवला आणि तो आपोआप सुटेपर्यंत जराही घाई केली नाही. शेवटच्या भोजनाच्या रात्री शिष्य पेत्राने प्रभूला आपले पाय धुऊ द्यायचे का नाकारले, ते मला त्या पायरीवर उमगले. माझी मान वर होईना. मग तिने आपल्या पावाचे दोन तुकडे करून एक माझ्या हातावर ठेवला. तो तोंडात जाण्याआधीच माझी नजर दुसऱ्या तुकड्याकडे वळली. तिने ती ओळखली आणि तोही दिला. मी तो खाल्ला नाही. उद्याची सोय म्हणून पिशवीत ठेवला.

रात्री पाहतो तो पावाला मुंग्या लागलेल्या. रानात देवाने रोजच्या रोज दिलेल्या मान्न्यात, तो सकाळपर्यंत राखून ठेवल्यावर, किडे पडले, हा बायबलमधला उतारा मला लहानपणापासून ठाऊक आहे. भूक घासाने भागते. लोभाला घास मिळाला की पुढचा घास दिसू लागतो. ‘आमची रोजची भाकर आज आम्हांस दे’ असे म्हणताना ‘आज’ हा शब्द मी कधी मनापासून उच्चारलाच नव्हता. वडिलांच्या पश्चात ताईचा वाटाही मी असाच उद्याची सोय म्हणून आपल्या नावावर करून घेतला होता. तिने काही न बोलता सही केली होती. मुंग्या झटकताना ती सही डोळ्यांपुढून हलेना.

गुब्बियो आणि वाल्फाब्रिका मी लंगडतच ओलांडले.

असिसीच्या पायथ्याशी पोर्त्सिउंकोलाच्या चिमुकल्या प्रार्थनालयासमोर लांब रांग होती, आणि धक्काबुक्कीने मी पुन्हा चिडलो. सोने, झोळी, दुसरा अंगरखा बरोबर घेऊ नका, हे शुभवर्तमान येथेच ऐकून फ्रान्सिसने वहाणा आणि काठी तत्काळ टाकून दिली होती. शुभवर्तमानातला तो श्रीमंत तरुणही, सर्व विकून गरिबांना दे, हे प्रभूचे शब्द ऐकून खिन्न होऊन निघून गेला होता; हाक त्यालाही स्पष्ट ऐकू आली होती. मलाही ती कित्येक वर्षे ऐकू येत होती.

अर्पण वेदीपाशी ठेव आणि आधी भावाशी समेट कर, हे वचन आठवले. मी रांग सोडून बाहेर आलो आणि ताईला फोन लावला.

“पाय फार दुखतात का रे?” तिने आधी हेच विचारले.

“ताई, तुझ्या वाट्याविषयी बोलायचे आहे,” मी म्हणालो.