कलकत्त्याच्या जुन्या बंदूक-पेढ्या आणि वेब्लीवर कोरलेले पत्ते

जुन्या रिव्हॉल्व्हरांचा अभ्यास करणाऱ्याने कलकत्त्यात आल्यावर आधी डलहौसी चौक गाठावा. आता त्याला बी.बी.डी. बाग म्हणतात. ८ डिसेंबर १९३० रोजी समोरच्या रायटर्स बिल्डिंगमध्ये शिरून तुरुंगांचा महानिरीक्षक कर्नल सिम्पसनला गोळ्या घालणाऱ्या बिनय, बादल आणि दिनेश यांचं नाव चौकाला दिलेलं आहे. शेजारच्या ओल्ड कोर्ट हाउस स्ट्रीटचंही नाव आता हेमंत बसू सरणी झालं आहे. जुनी आणि नवी नावं शेजारी शेजारी लिहिलेला कागद खिशात हवाच, कारण आम्ही इथे येतो ते रिव्हॉल्व्हरवर कोरलेला पत्ता प्रत्यक्ष रस्त्यावर शोधायला.

त्या काळी इंग्रज अधिकारी स्वतःचं रिव्हॉल्व्हर स्वतः विकत घेत. सरकारी काडतूस त्यात बसलं की झालं. त्यामुळे बर्मिंगहॅमला घडलेल्या वेब्ली रिव्हॉल्व्हरवर, सिलिंडरच्या वरून जाणाऱ्या पट्टीवर, पुष्कळदा विकणाऱ्या पेढीचं नाव दिसतं: ‘मँटन अँड कंपनी’ किंवा ‘आर. बी. रॉडा अँड कंपनी’, कलकत्ता. बनवणारा ओळखायचा तो सांगाड्यावरच्या पंखवाल्या गोळीच्या छापावरून. पेढ्या जागा बदलत, म्हणून कोरलेला पत्ता थॅकरच्या जुन्या डिरेक्टऱ्यांशी, म्हणजे छापील पत्ता-पुस्तकांशी, ताडून पाहिला की विक्रीचा काळ बराच आवळता येतो. मात्र तो विक्रीचा काळ, घडणीचा नव्हे. माल कपाटात वर्षानुवर्षं पडून राहत असे.

घडणीसाठी प्रूफचे, म्हणजे नळीची दाबचाचणी झाल्याचे, छाप पाहावेत. बर्मिंगहॅमच्या छापात मुकुटाखाली फुलीसारखे दोन राजदंड असले तर नळीची चाचणी १९०४ पूर्वीची. मुकुटाखाली ‘बीपी’, ‘बीव्ही’ अशी अक्षरं असली तर त्यानंतरची. ‘एनपी’ म्हणजे धूरविरहित दारूची चाचणी झालेली. तो छाप नसलेली नळी काळ्या दारूसाठीच आहे असं धरावं; आधुनिक काडतुसाचा दाब तिच्यासाठी नाही.

चौकाजवळच्या व्हॅन्सिटार्ट रोला जरूर जावं. २६ ऑगस्ट १९१४ रोजी रॉडाचा कर्मचारी श्रीशचंद्र मित्र याने कस्टम हाउसमधून २०२ पेट्या सोडवून घेतल्या. सात बैलगाड्या निघाल्या आणि सहाच इथल्या रॉडाच्या गोदामाला पोचल्या. सातवी मलंगा लेनकडे वळली. तिच्यावरच्या १० पेट्यांत ५० माउझर पिस्तुलं आणि ४६,००० काडतुसं होती. (माउझर हे रिव्हॉल्व्हर नव्हे; त्याला फिरता सिलिंडर नसतो.) पिस्तुलाची लाकडी पेटीच मुठीला जोडली की खांद्याला लावून गोळी झाडता येई. प्रत्येक पिस्तुलावर क्रमांक होता आणि तो रॉडाच्या दप्तरी नोंदलेला होता, म्हणून पुढे कुठेही एखादं सापडलं की ते याच मालातलं आहे हे पोलिसांना ओळखता आलं. १९१८च्या रौलट अहवालानुसार ४४ पिस्तुलं नऊ क्रांतिकारी गटांत वाटली गेली आणि तोवर ३१ परत हाती लागली होती. पेढीच्या वहीची किंमत यापेक्षा ठळकपणे कुठे दिसत नाही. आचार्य प्रफुल्लचंद्र रोडवरच्या पोलीस संग्रहालयात या प्रकरणातलं माउझर पाहायला मिळतं. ते संग्रहालय राममोहन रॉय यांच्या जुन्या घरात आहे.

दाँ घराण्याच्या ‘एन. सी. डॉ’ या पेढीचा इतिहास १८३५ पर्यंत मागे जातो. जोडासांकोतलं त्यांचं घर ‘बंदूकवाला बाडी’ म्हणूनच ओळखलं जातं आणि दुर्गापूजेत तिथे छोटी तोफ डागतात. पूजेच्या दिवसांत आलात तर हे चुकवू नका.

दुकानात जुनं रिव्हॉल्व्हर हाती आलं, तर आधी विक्रेत्याकडून ते उघडून रिकामं असल्याची खात्री करून घ्यावी. वेब्ली मधोमध मोडून उघडतं, म्हणून पहिली झीज बिजागरीत आणि रिकिबीच्या आकाराच्या कडीत होते. बंद करून नळी हलकेच हलवा. खटखट जाणवली तर दुरुस्ती महाग आणि अवघड. मग घोडा सावकाश मागे ओढा. तो अडकण्याआधी सिलिंडर जागेवर पक्का बसला पाहिजे. उशिरा बसत असेल तर सिलिंडर ढकलणारा दात झिजला आहे. सिलिंडर आणि नळीतली फट फीलर गेजने (ठरावीक जाडीच्या पातळ पट्ट्यांच्या मापकाने) मोजा, ०.१५ ते ०.२० मिलिमीटर उत्तम. सांगाडा, नळी आणि सिलिंडरवरचे क्रमांक जुळतात का पाहा. अक्षरांच्या कडा गोलावलेल्या, स्क्रूभोवती खळगे आणि वर चकचकीत निळसर रंग दिसला, तर गंज घासून नवा रंग चढवलेला आहे. असा नग आम्ही घेत नाही. घासलेलं कोरीवकाम परत येत नाही आणि पेढीचं नाव गेलं की अर्धा इतिहास गेला.

कायद्याचं भान आधीपासून हवं. शस्त्र कायदा, १९५९च्या कलम ४५मधली सूट दुरुस्तीनेही न चालणाऱ्या जुन्या हत्यारालाच आहे. चालू शकणारं रिव्हॉल्व्हर कितीही जुनं असलं तरी परवाना लागतोच, आणि २०१९च्या दुरुस्तीनंतर एका परवानाधारकाला दोनच हत्यारं ठेवता येतात, वारशाने आलेलीही त्यातच धरून. .४५५ची वेब्ली तर निषिद्ध बोअरमध्ये (नळीच्या व्यासाच्या निषिद्ध वर्गात) मोडते. शंभर वर्षांपेक्षा जुनी वस्तू १९७२च्या पुरावस्तू कायद्यामुळे खासगी माणसाला देशाबाहेर नेता येत नाही.

घरी आणल्यावर चामड्याच्या म्यानात कधीही ठेवू नका. चामडं ओल धरतं आणि त्यातली आम्लं पोलाद खातात. पातळ खनिज तेलाचा हात, वर मायक्रोक्रिस्टलाइन मेणाचा थर, आणि पेटीत सिलिका जेल घालून आर्द्रता ५० टक्क्यांखाली ठेवावी. व्हल्कनाइटच्या (कडक रबराच्या) मुठी उन्हात तपकिरी पडतात, म्हणून पेटी खिडकीपासून लांब असावी.